कॅलेडन स्ट्रीट, घर क्रमांक २४७

घराण्याचा इतिहास लिहायचा म्हटले की आपल्याकडे आधी शजरा शोधतात. शजऱ्यात बापाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, एवढेच सापडते. ती माणसे कुठे राहत, शेजारी कोण होते, पोट कशावर भरत, हे घर सांगते. पण घर पाडले आणि गल्लीही पुसून टाकली तर? केपटाऊनच्या ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ वस्तीत हेच घडले. ही गोष्ट आम्हा कोकणी मुसलमानांना परकी नाही. रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यातून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कितीतरी माणसे केपटाऊनला पोटासाठी गेली.

या वस्तीतल्या कॅलेडन स्ट्रीटवर २४७ क्रमांकाचे घर होते. नूर इब्राहिम यांचे आजोबा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरतेहून तिथे गेले. आल्याचे पेय, म्हणजे जिंजर बिअर, करून विकण्याचा त्यांचा धंदा होता. (नाव ‘बिअर’ असले तरी दचकू नये!) नूर १९४४ साली जन्मले. घराण्याची ही तिसरी पिढी. आसपास मलायी वंशाचे मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी, आफ्रिकन अशी सरमिसळ होती. तिला पहिला तडा १९०१ मध्येच गेला होता. मुंबईत १८९६ साली आलेला प्लेग त्या वर्षी केपटाऊनला पोचला आणि त्याचे निमित्त करून आफ्रिकनांना वस्तीतून बाहेर काढले गेले. रोगाच्या नावाखाली माणसे हलवण्याची युक्ती जुनीच आहे.

पुढे ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली. साठ हजारांवर माणसे दूरच्या माळावर हलवली गेली, घरांवर बुलडोझर फिरले. मशिदी आणि चर्च तेवढी उभी राहिली. मुख्य रस्ता हॅनोव्हर स्ट्रीट, त्याचे तर नावही गेले. २०१९ मध्ये ते परत मिळाले.

नूर इब्राहिम यांनी ‘नूर्स स्टोरी’ या पुस्तकात आपल्या कबुतरांची हकिगत सांगितली आहे. नवे घर अ‍ॅथलोनला. तिथे काही महिने पिंजऱ्यात ठेवून त्यांनी कबुतरे सोडली. ती परतली नाहीत. पुढे जुन्या वस्तीवरून जाताना सारी कबुतरे दिसली, घर जिथे होते त्याच मोकळ्या जागेवर उतरलेली. सरकारी कागदात ती जागा रिकामी होती, कबुतरांच्या लेखी नव्हती.

डिसेंबर १९९४ मध्ये एका जुन्या चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय सुरू झाले. पाडापाडीच्या कामावरच्या एका माणसाने रस्त्यांच्या पाट्या फेकून न देता तळघरात दडवल्या होत्या. त्याच तिथे टांगल्या आहेत. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आहे. जुने रहिवासी वाकून आपल्या घराच्या जागी नाव लिहितात. नूर इब्राहिम या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक, आणि पाहुण्यांना वस्ती दाखवण्याचे कामही त्यांनी केले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने जमीनमालकांबरोबर भाडेकरूंनाही दावा करण्याचा हक्क दिला. आमच्या मते हे त्या कायद्याचे मोठेपण, कारण गरिबाच्या हाती खरेदीखत कधी नसतेच. मात्र दाव्याची मुदत १९९८ अखेर संपली आणि घरे मिळण्यास फार वर्षे लागली. पहिल्या वृद्ध रहिवाशांना २००४ मध्ये किल्ल्या मिळाल्या. कित्येक जण तोवर हयात नव्हते.

आता आमच्या बाजूचे. कोकणातून गेलेल्या माणसाला गावी यायचे तर परवाना काढावा लागे. त्यावर फोटो, अंगठ्याचा ठसा आणि परतीची मुदत. मुदत चुकली की दार बंद. हे परवाने केपटाऊनच्या दप्तरखान्यात आहेत, आणि ज्या घरांत आजोबांचा एकही फोटो नाही त्यांना तो तिथे सापडू शकतो. बायका बहुधा गावीच राहिल्या. १९५३ च्या कायद्याने तर हिंदुस्थानातून नवी बायको नेण्याची वाटच बंद केली. नवऱ्याने धाडलेल्या पैशांवर मुले वाढवणाऱ्या या बायकांनी केपटाऊनचे घर कधी पाहिलेच नाही. परवान्यावर त्यांचा ठसा नाही, शजऱ्यात नाव नाही. खेड-महाडकडच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना ती नावे अजून ठाऊक आहेत.