तारुण्यपीटिका : एका क्षुद्ररोगाचा इतिहास

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांचा एक अध्याय आहे. तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या पुळ्यांना तेथें मुखदूषिका म्हटलें असून त्यांना सांवरीच्या कांट्यांची उपमा दिली आहे. सांवरीच्या कोवळ्या खोडावरचे, बुडाशीं रुंद आणि टोंकाला अणकुचीदार असे कांटे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ही उपमा किती नेमकी आहे हें सांगावयास नको. कारण म्हणून कफ, वात आणि रक्त यांचा निर्देश आहे. उपाय म्हणून वमन, आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप. वमनाची हौस आज फारशी कोणास असणार नाहीं, आणि मोहरीनें गालाची कातडी पोळण्याचें भयच अधिक. परंतु आम्हांस त्या वर्णनांत महत्त्वाचें वाटतें तें दुसरेंच. त्यांत रोग्याच्या वर्तनाला बोल लावलेला नाहीं. तारुण्य आलें, पुळ्या आल्या, इतकेंच.

हा समंजसपणा अन्यत्र फारसा आढळत नाहीं. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यास असल्या पुळ्यांवर औषध करणें म्हणजे जवळजवळ वेडेपणाच वाटे. बायकांची रूपाची काळजी कांहीं केल्या सुटत नाहीं म्हणून त्यानें नाइलाजानें उपाय लिहिले. इ. स. १८१३ मध्यें लंडनच्या बेटमननें आपल्या गुरूच्या, म्हणजे विलनच्या, पद्धतीस अनुसरून या विकाराचे प्रकार पाडले आणि वर्णनास शिस्त आली. पण त्याच शतकांतलीं उपदेशपर पुस्तकें तरुणाच्या कपाळावरची पुळी पाहून त्याच्या एकांतांतील दुराचाराचें निदान करीत. बिचारा मुलगा आधींच तोंड लपवीत असावयाचा, त्यांत हा आरोप!

आमच्या घरांतून आरोप सौम्य होते, पण होतेच. तळलेलें खाल्लें म्हणून, पोटांत उष्णता झाली म्हणून, तोंड नीट धूत नाहींस म्हणून. आणि शेवटीं, लग्न झालें कीं जाईल. आम्ही स्वतः सोळाव्या वर्षीं डाळीचें पीठ आणि मुलतानी माती यांनीं तोंड इतकें घासलें आहे कीं त्याची आठवण गालांवर अद्याप आहे.

या आरोपांना पहिला मोठा धक्का इ. स. १९४१ मध्यें अमेरिकेंत जेम्स हॅमिल्टन यानें दिला. वयांत येण्यापूर्वींच ज्यांच्या वृषणग्रंथी निकामी झाल्या होत्या अशा पुरुषांना या पुळ्या होत नाहींत, आणि टेस्टोस्टेरॉन टोंचल्यावर त्यांपैकीं कांहींना त्या होऊं लागतात, असें त्याला दिसून आलें. हीं द्रव्यें वयांत येतांना मुलांच्या व मुलींच्याही शरीरांत वाढतात, त्यांनीं कातडींतील तैलग्रंथी फोफावतात; केसाच्या मुळाशीं मृत पेशींचें बूच बसतें, आंत तेल कोंडतें, त्यावर जंतु पोसतात आणि सूज येते. बुचाचें काळें टोंक मळाचें नसतेंच. तें रंगद्रव्याचें असतें, म्हणून घासून जात नाहीं. उलट घासण्यानें सूज वाढते. तेलकट तोंडास सौम्य साबणानें दिवसांतून दोनदां धुणें पुरे.

मात्र कारण कळलें म्हणून उपाय निर्दोष झाले असें नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तैलग्रंथी सुकविण्यासाठीं तरुण मुखांवर क्ष-किरण सोडीत. पुळ्या बसत, आणि पुढें कित्येक वर्षांनीं त्यांपैकीं कांहींना कंठग्रंथीचा कर्करोग होई. आणि ज्या मलमानें खरा गुण येतो त्याचा जन्म तर फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगाशीं निगडित आहे. डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन तेथें इ. स. १९५१ पासून १९७४ पर्यंत कैद्यांवर प्रयोग करीत होते; कैदी बहुतेक कृष्णवर्णीय, आणि मोबदला थोड्या डॉलरांचा. तुरुंगांत प्रथम शिरतांना आपणांस कातडीचीं एकरच्या एकर शेतें दिसलीं, असें त्यांनीं इ. स. १९६६ मध्यें एका वार्ताहरास सांगितलें होतें. अ-जीवनसत्त्वाच्या अम्लाचें मलम याच काळांतलें. त्याचा शोधनिबंध १९६९ चा. चॉकलेटनें पुळ्या वाढत नाहींत असा निर्वाळाही क्लिगमन व त्यांचे सहकारी यांनीं त्याच वर्षीं दिला. त्या प्रयोगांतील ६५ जणांत ३५ कैदी होते, तुलनेसाठीं दिलेल्या वडींतही साखर आणि स्निग्धांश भरपूर होता, आणि खर्चास हातभार चॉकलेटच्या कारखानदारांचा! फिलाडेल्फिया शहरानें कैद्यांची क्षमा मागितली ती इ. स. २०२२ मध्यें.

आपल्याकडे आज भय आहे तें दुकानांतून सहज मिळणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांचें. भारत सरकारनें इ. स. २०१८ मध्यें अशा अनेक मलमांच्या विक्रीस डॉक्टरच्या चिठ्ठीचा निर्बंध घातला, तरी गोरें होण्याच्या आशेनें तीं घेतलींच जातात. आठ दिवसांत तोंड उजळतें. मग कातडी पातळ होते, लाल होते, आणि नव्या पुळ्या उठतात. अ-जीवनसत्त्वाच्या मलमाची रीत अगदीं उलट. रात्रीं वाटाण्याएवढें घेऊन सबंध चेहऱ्यास लावावें. गर्भवतीनें लावूं नये. पहिले कांहीं आठवडे कातडी सुटते, पुळ्या वाढल्यासारख्या दिसतात, आणि गुण यावयास दोन-तीन महिने लागतात. आमच्या पाहण्यांतल्या बहुतेक घरांत तें मलम पहिल्याच पंधरवड्यांत खिडकींत जाऊन पडतें, आणि आजी मुलीला पुन्हां डाळीच्या पिठाची वाटी कालवून देते.