मशालीच्या उजेडातलं लुगडं

मोबाइलचा टॉर्च आधी बंद करा. मालवणहून आत, माडांच्या बागा मागे टाकत ज्या देवळाकडे आपण निघालोय, तिथे १७३० च्या आसपासची रात्र आहे. तिथला खेळ बघायला डोळे अंधाराला सरावलेले हवेत. त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली, भात घरात आलं, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या. पालखीची प्रदक्षिणा आटोपली की दशावतार उभा राहील, तो पहाटे दहीकाला होईपर्यंत.

सभामंडपात समया आणि पुढे दोन मशाली, एवढाच उजेड. मशालजी उंडीचं कडू तेल ओततो तेव्हा ज्योत उसळते, धूर नाकात जातो आणि खांबांच्या सावल्या माणसांवरून फिरतात. या उजेडाकडे नीट बघून घ्या. पुढे जो जो पोशाख दिसेल, तो याच उजेडाच्या हिशेबानं बेतलेला आहे.

कोपऱ्यात आडवं धोतर बांधून रंगायची जागा केलीय. वाकून आत या. पेटारा मधोमध आहे, त्यातला गणपतीचा मुखवटा वर काढून त्याला फूल वाहिलंय. भिंतीला टेकून बसलेला तो दणकट गडी दिवसा नांगर धरतो, आज तो स्त्रीपार्टी आहे. सफेदा खोबरेलात कालवता कालवता तो तुमच्या हातात आरसा देतो. "जरा धरा बघूया. हलू नकात, काजळ पुसतला."

चेहऱ्यावर तो सफेद्याचा एवढा जाड थर देतो की दिवसाउजेडी कुणी दचकेल. पण मशालीचा उजेड तांबूस आणि डुगडुगता. त्यात उघडी कातडी सावलीत विरघळते आणि लांब बसलेल्या म्हातारीला नाक-डोळे दिसतच नाहीत. म्हणून आधी पांढरी जमीन करायची, तिच्यावर पिवडी, गालांवर हिंगूळ. डोळ्यांची कड काजळानं थेट कानशिलापर्यंत ओढलेली. मग नऊवारी लुगडं. कमरेची गाठ, निऱ्या, आणि पायांतून मागे नेऊन घट्ट खोचलेला कासोटा. या बाईला तालावर गिरक्या घ्यायच्यात, बाकड्यावर चढायचंय, वेळ आली तर राक्षसाशी तलवारही खेळायचीय. घोळ पायात आला की संपलंच. गंगावन बांधून, अंबाड्यावर फुलं माळून तो उभा राहतो, आणि तुम्ही नकळत दोन पावलं मागे सरून वाट देता.

परंपरा सांगते, की राजापूरकडच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास हा खेळ कर्नाटकातून आणून कोकणात रुजवला. पण मराठी मुलखाला दशावतारी त्याआधीही ठाऊक होते. सतराव्या शतकातच समर्थ रामदासांनी दासबोधात त्यांचा दाखला दिलाय. खेळात सुंदर स्त्रिया येतात, डोळे मोडून भुलवतात, आत मात्र सगळे दांडगे पुरुष असतात, असं त्यांचं म्हणणं. रामदासांना त्यातून वेगळाच बोध करायचा होता. मला त्यात वेशभूषेला मिळालेली सर्वांत जुनी पावती दिसते. एवढ्या मोठ्या विरक्तालाही ती बाई आधी बाई म्हणूनच दिसली असणार.

बाहेर गडबड उडालीय, या. आख्यानाआधीचा आडदशावतार सुरू आहे. गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरची शारदा येऊन गेली. आता वेद चोरणारा संकासुर. अंगभर काळा पोशाख, तोंडावर काळा मुखवटा, डोक्यावर उंच काळी टोपी, आणि त्या सगळ्या काळ्यातून बाहेर लोंबणारी लाल जीभ. बाकीचे पोशाख उजेड पकडायला धडपडतात, हा गिळून टाकतो. मशालीपासून चार पावलं लांब गेला की नुसती जीभ नाचताना दिसते. पोरं आईच्या पदरात तोंड खुपसतात. तेवढ्यात तो ठेवणीतल्या मालवणीत कुणाची तरी खोड काढतो आणि तीच पोरं खिदळायला लागतात.

इथून आता पॅरिसला जाऊ. बॅले नर्तकीचा तो थरांवर थर चढवलेला जाळीचा घागरा, टूटू, तुम्ही चित्रांत पाहिला असेल. त्याची गोष्ट आपल्या लुगड्याच्या गोष्टीला फार जवळून घासून जाते. आत्ता आपण देवळात होतो त्याच सुमारास तिकडे ऑपेरात मारी कामार्गो नावाची नर्तकी आपला घागरा घोट्यांच्या वर घेत होती. हवेत उडी मारून पायांची कात्री करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण जमिनीवर लोळणाऱ्या घागऱ्यात ती कात्री दिसणार कुणाला? कासोट्यानं जे आधीच मिळवून दिलं होतं, त्यासाठी तिला कापड वर घ्यावं लागलं.

शंभर वर्षं पुढे या. १२ मार्च १८३२. त्याच ऑपेरात आता गॅसचे दिवे आहेत, ते वाटेल तेव्हा मंद करता येतात. मंद निळसर उजेडात मारी ताल्योनी 'ला सिल्फीद' या बॅलेत वनपरी होऊन येते. अंगात घट्ट चोळी, खाली पिंढरीपर्यंत फुललेला पांढरा तलम घागरा. गॅसचा उजेड त्या थरांमधून आरपार जातो आणि बाई तरंगतेय असा भास होतो. पुढच्या दोन पिढ्या हाच पोशाख चालला. १८८० नंतर विर्जिनिया झुक्की या इटालियन नर्तकीनं पीटर्सबर्गला तो आणखी आखूड केला, आणि विसाव्या शतकात तो कमरेभोवती ताटासारखा आडवा झाला, पाय मुळापासून उघडे.

पण त्याच ज्योतीनं माणूसही नेलं. नोव्हेंबर १८६२ मध्ये, तालमीच्या वेळी, एमा लिव्री या तरुण नर्तकीच्या घागऱ्याला गॅसच्या दिव्याची ज्योत लागली. काही महिने यातना सोसून ती गेली. कापड पेटू नये म्हणून त्याला एका द्रावात बुडवायची सोय तेव्हा होती, पण त्यानं कापड कडक आणि मळकट व्हायचं. तिनं ते नाकारलं होतं. ज्या उजेडासाठी तो घागरा जन्माला आला, त्यात तो मळका दिसणं तिला सोसवलं नाही. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

हे डोक्यात ठेवून कोकणात परत या आणि राक्षसाचा प्रवेश बघा. मशालीवर राळेची मूठ पडते, भपकन लोळ उठतो, आणि त्या क्षणभराच्या झगझगाटात तांबडं तोंड, किरीट, खांद्यांवरच्या भुजकीर्ती एकदम लखलखून उठतात. यक्षगानाच्या नात्यातला हा सगळा सरंजाम. त्यावरची बेगड अशाच क्षणांसाठी असते. आणि लोळापासून दोन हातांवर उभी असलेली बाई बघा. तिचं लुगडं अंगाबरोबर आवळलेलं आहे, ज्योतीकडे झेपावणारं एकही टोक मोकळं नाही.

सांगलीत थोडंच थांबू. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' नाटक झालं, त्यातही राळेत उजळणारे राक्षस होतेच. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं, आणि मग स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व. शालू, पैठण्या, दागिने, पदराची ढब. घरंदाज बायका त्यांचं बघून नेसायला लागल्या. ती हवा घाट उतरून खाली न येती तरच नवल. धयकाल्यातली, म्हणजे आपल्या दशावतारातली, सीता-द्रौपदी जरीकाठाची झाली.

आणि एके वर्षी देवळाच्या तुळईला गॅसबत्ती टांगली गेली. तिच्याखाली बसून बघा. फसफस आवाज, पांढरा, ठाम, न हलणारा उजेड. खांबांच्या सावल्या जागच्या जागी बसल्यात. हिंगूळ आता नुसताच लाल दिसतो, त्यातली धग गेली. सफेद्याच्या कडा मानेवर उघड्या पडल्या. मात्र मखमल या उजेडात खुलते, जर आणि टिकल्या चमकतात. राजपार्टीच्या अंगावर हिरवी-जांभळी मखमल येते, ती जायचं नाव घेत नाही.

आता आजच्या काळात या. तीच जत्रा, पण देवळाबाहेर मंडप, जनरेटर, रंग बदलणारे एलईडी दिवे, ट्रिकसीनचा धूर, आणि पहिल्या रांगेत वर धरलेले मोबाइल. 'दशावतार' नावाचा मराठी चित्रपट २०२५ मध्ये येऊन गेला. मखमलीवर इतक्या टिकल्या आहेत की राजा वळला की डोळे दिपतात. मी इथे भांडणार आहे. उजेड नव्हता म्हणून चमक लागायची. आता उजेडच एवढा, की चमकेआड नटाचा चेहरा हरवतो. संहिता लिहिलेली नसलेल्या, उभ्या उभ्या संवाद रचणाऱ्या नटाचा चेहरा हरवणं परवडणार नाही. संकासुर बघा. त्याला कुणी टिकली लावलेली नाही, आणि निळ्या एलईडीतही तो तेवढाच काळा आहे. आजही मंडपातली पोरं त्याच्याच वाऱ्याला उभी राहत नाहीत.

आतल्या खोलीत या. पेटारा आहे, गणपतीला फूल आहे. जुना स्त्रीपार्टी नट सफेद्यात जास्त पिवडी मिसळून हलका हात फिरवतोय, मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो काढून बघतोय, पुन्हा पुसतोय. "ह्या लायटीत तोंड चुन्यासारखा दिसता," म्हणतो. नवा उजेड तो स्वतःच, कुणी न शिकवता, वाचायला शिकलाय.

आणखी एक खोली बघायची राहिलीय. आता महिलांची दशावतार मंडळंही उभी राहिली आहेत. शतकानुशतकं पुरुषांनी बाईचा वेश घातला, इथे बाई राजाचा घालतेय. मखमली अंगरखा पुरुषाच्या बेताचा, खांद्यात घळघळीत. एकीनं दातांत दोरा धरून दोन्ही खांद्यांना चुण्या घातल्या, भुजकीर्ती पाठीमागून आवळून बांधल्या. केस किरीटात मावेनात, तर दुसरीनं वेणी गुंडाळून वर फडकं करकचून बांधलं. "आता मान हलव बघूया," म्हणाली. किरीट हलला नाही. बाहेर पायपेटी आणि मृदंग लागलेत. दारातून बाजूला व्हा, राजाला जायचंय.