केळीचं खरं नाव काय?

तापीकाठच्या मुक्ताईनगर, रावेर, यावल पट्ट्यात एखाद्याला ‘यंदा केळी किती?’ असं विचारा. तो एकर सांगणार नाही. ‘पाच हजार खोडं’ म्हणेल. गंमत अशी, की आपण ज्याला खोड म्हणतो, ते पानांच्या देठांचे एकावर एक बसलेले थर असतात. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. म्हणून शास्त्राच्या लेखी केळ झाडही नव्हे आणि झुडूपही नव्हे. लाकूड नसलेलं ते एक भलंमोठं रोप!

हा वाद तसा सोपा. नावाचा घोळ मात्र दोनशे वर्षं चालला. हॉलंडमध्ये क्लिफर्ड यांच्या बागेत फुललेल्या केळीवर कार्ल लिनियस यांनी 1736 मध्ये पुस्तक लिहिलं. पुढे 1753 मध्ये ‘म्युसा पॅराडिसिॲका’, म्हणजे नंदनवनातली केळ, आणि 1759 मध्ये ‘म्युसा सेपिएन्टम’, म्हणजे शहाण्यांची केळ, अशा दोन जाती त्यांनी ठरवल्या. मग इंग्लंडमध्ये ड्यूक कॅव्हेंडिश यांचे माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी मॉरिशसहून आलेली बुटकी केळ वाढवली आणि मालकाचं नाव तिला दिलं.

सिमंड्स आणि शेफर्ड यांनी 1955 मध्ये हा गुंता सोडवला. खाण्याच्या बहुतेक केळी ‘ॲक्युमिनाटा’ आणि ‘बाल्बिसियाना’ या दोन रानकेळींच्या वंशातल्या. पहिलीला त्यांनी ‘ए’ म्हटलं, दुसरीला ‘बी’. लिनियस यांच्या दोन्ही ‘जाती’ संकरित निघाल्या. कोकणातली राजेळी ‘एएबी’; आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन मात्र तिन्ही ‘एएए’, कॅव्हेंडिश घराण्यातल्या. या ‘ए’चं माहेर आग्नेय आशिया आणि न्यू गिनी.

मला हे महत्त्वाचं वाटतं, ते एका कारणासाठी. नावं तीन असली, तरी रक्त जवळजवळ एकच. या केळीत बी धरत नाही. मुनवे लावा किंवा टिश्यू कल्चरची रोपं, नवं रोप ही जुन्याचीच नक्कल. एकाला जो रोग लागेल, तो सगळ्यांना लागू शकतो. पनामा मर रोगाने विसाव्या शतकात ‘ग्रो मिशेल’ केळीच्या बागा बसवल्या. तेव्हा कॅव्हेंडिश तगली. त्याच रोगाचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशवरच उठला आहे आणि तो बिहार, उत्तर प्रदेशापर्यंत आला आहे.

जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. पण रोपं घेताना वाणाच्या नावावर थांबू नका. ती कुठून आली, निरोगी आहेत ना, हेही विचारा. आणि बांधावर दोन-चार खोडं वेगळ्या केळीची असू द्या.