बोनेटखालच्या शेगडीचे निदान : घरी बनवलेली एक तार

ब्रिटनमध्ये हिवाळा सुरू झाला, की सकाळी कामावर निघण्यापूर्वी गाडीच्या काचेवर गोठलेले दव खरवडणे हा मोटारमालकांच्या दिनक्रमाचा भाग होऊन जातो. पेट्रोलच्या गाडीचे इंजिन काही मिनिटांत तापते आणि आतल्या झोतातून ऊब येऊ लागते. आधुनिक डिझेल इंजिनाचे मात्र तसे नाही. इंधनातली ऊर्जा ते कमी वाया घालवते आणि वाया जाणारी उष्णता कमी, म्हणून गाडी तापायलाही वेळ लागतो. कार्यक्षमतेचा हा गुण थंडीत प्रवाशांना चांगलाच महागात पडतो. त्यावर उपाय म्हणून थंड देशांत विकल्या जाणाऱ्या अनेक डिझेल मोटारींच्या बोनेटखाली इंधन जाळणारी एक छोटी शेगडी बसवलेली असते. तिला 'फ्युएल बर्निंग हीटर' किंवा संक्षेपाने 'एफबीएच' म्हणतात.

या शेगडीची क्षमता लहान समजू नये. वेबास्टो या जर्मन कंपनीच्या 'थर्मो टॉप' मालिकेतील हीटर चार ते पाच किलोवॉट उष्णता देतात. आपल्या घरातला साधा गिझर सुमारे दोन किलोवॉटचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अंदाज येईल. एवढी उष्णता विजेपासून मिळवायची, तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून तीनशे अँपिअरहून अधिक प्रवाह ओढावा लागेल. म्हणून टाकीतलेच डिझेल जाळायचे, तासाला साधारण अर्धा लिटर, आणि इंजिनाभोवती फिरणारे पाणी तापवायचे, ही युक्ती.

यंत्राचे घटक मोजकेच आहेत. हवा पुरवणारा पंखा, पेट देणारा ग्लो प्लग, ज्वाला पेटली की नाही हे ओळखणारी व्यवस्था, तापमान मोजणारे संवेदक आणि टाकीजवळचा मोजून इंधन देणारा पंप. हा पंप प्रत्येक ठोक्याला ठरावीक थेंब पुढे ढकलतो. त्याची टकटक गाडीबाहेर उभे राहिले तरी ऐकू येते. जुने कारागीर या आवाजावरूनच निम्मे निदान करतात : टकटक ऐकू येते आणि धूर नाही, तर इंधन पोहोचत नाही, पांढरा धूर भरपूर आणि ऊब नाही, तर इंधन पोहोचते पण पेट घेत नाही. या सगळ्यावर देखरेख करणारा छोटा नियंत्रक हीटरवरच बसवलेला असतो. दोनदा प्रयत्न करूनही ज्वाला पेटली नाही, तर तो तो प्रयत्न सोडून देतो आणि दोषाची नोंद स्मृतीत ठेवतो. असे वारंवार घडले किंवा यंत्र अतितप्त झाले, तर तो स्वतःला कुलूप लावून घेतो. त्यानंतर कितीही बटणे दाबली तरी हीटर चालू होत नाही.

खरी अडचण इथेच सुरू होते. बाहेरून पाहता यंत्र मेलेले दिसते. पण ते मेलेले असेलच असे नाही, ते केवळ कुलूपबंद असू शकते. कुलूप का लागले, हे त्याच्या स्मृतीत लिहिलेले असते आणि ते वाचण्याचे साधन मालकाजवळ नसते. गॅरेजमध्ये नेले, तर पुष्कळदा संपूर्ण हीटर बदलण्याचा सल्ला मिळतो. नव्या हीटरची किंमत आणि जुन्या गाडीची किंमत यांत फारसा फरक उरलेला नसतो.

रोव्हर ७५ या गाडीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९९८ मध्ये सादर झालेल्या या मोटारीच्या डिझेल आवृत्तीत बीएमडब्ल्यूचे इंजिन होते आणि अनेक गाड्यांत वेबास्टोचा हीटर. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर कंपनी बुडाली आणि बर्मिंगहॅमजवळचा लाँगब्रिजचा कारखाना थांबला. ही तीच कंपनी, जिने पुण्यात तयार झालेली टाटांची इंडिका २००३ पासून 'सिटीरोव्हर' या नावाने ब्रिटनमध्ये विकली होती. कंपनी गेली, विक्रेत्यांचे जाळे विखुरले, त्यांच्याजवळची निदानयंत्रेही दुर्मिळ झाली; गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. (लँड रोव्हरच्या फ्रीलँडर आणि डिस्कव्हरी या डिझेल गाड्यांतही असे हीटर आहेत, ती कंपनी २००८ पासून टाटांकडे आहे, त्यामुळे तिच्या मालकांवर ही वेळ तितकी आली नाही.) अशा परिस्थितीत हौशी मालकांनी स्वतःच निदानाची तार बनवायला सुरुवात केली, यात नवल नाही. नवल आहे ते ही तार किती साधी आहे याचे.

हीटरच्या नियंत्रकातून निदानासाठी एकच तार बाहेर येते. मोटार व्यवसायात तिला 'के-लाइन' म्हणतात आणि तिचे विद्युत स्वरूप आयएसओ ९१४१ या मानकात सांगितलेले आहे. कल्पना अशी : ही तार एका रोधातून बॅटरीच्या धन टोकाला जोडून ठेवायची. कोणी बोलत नसेल, तेव्हा तिच्यावर जवळजवळ पूर्ण बारा व्होल्ट असतात. ज्याला बोलायचे आहे, त्याने तार क्षणभर जमिनीला, म्हणजे गाडीच्या ऋण टोकाला, टेकवायची. तार वर असली तर एक, खाली असली तर शून्य. आड्यावर बांधलेली घंटेची दोरी दोन्ही टोकांकडून ओढता यावी, तसाच हा प्रकार. एका वेळी एकानेच ओढायची, एवढे पथ्य.

संगणकाचे यूएसबी पाच व्होल्टवर चालते. त्याच्या अनुक्रमिक जोडणीत बोलायला एक तार आणि ऐकायला दुसरी असते. निदानाच्या तारेचे काम एवढेच, की दोन तारांचे पाच व्होल्टचे बोलणे एका तारेच्या बारा व्होल्टच्या बोलण्यात बदलायचे आणि उलट.

सर्वांत सोपा मार्ग तयार मालाचा. फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या गाड्यांसाठी 'केकेएल ४०९.१' नावाने स्वस्तात मिळणारी यूएसबी तार नेमके हेच रूपांतर करते. तिच्या मोटारीकडच्या सोळा टाचण्यांच्या खटक्यात सातव्या टाचणीवर के-लाइन, सोळाव्या टाचणीवर बॅटरीचे धन टोक, चौथ्या आणि पाचव्या टाचणीवर जमीन असते. हीटरची के-लाइन गाडीच्या निदान-खटक्यापर्यंत आणलेली असेल, तर तार जशीच्या तशी चालू शकते. नसेल, तर खटका कापून या तीन तारा थेट हीटरच्या जोडणीपर्यंत न्याव्या लागतात. आतल्या तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नये. रंग उत्पादकागणिक बदलतात. मल्टीमीटरने कोणती तार कोणत्या टाचणीला जाते, हे आधी पाहावे आणि मगच कात्री उचलावी. स्वस्त तारांत नकली चिपही सर्रास असतात. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीने विंडोजसाठी दिलेल्या नव्या ड्रायव्हरने आपल्या नावाच्या नकली चिप निकामी केल्या, तेव्हा अनेकांच्या तारा एका रात्रीत मुक्या झाल्या होत्या.

ज्यांना डाख देण्याची हौस आहे, त्यांनी यूएसबी ते अनुक्रमिक असा छोटा परिवर्तक घ्यावा आणि पुढचे मंडल स्वतः जोडावे. एसटी कंपनीची एल९६३७डी ही आठ पायांची चिप याच कामासाठी बनवलेली आहे. ती वापरली, तर बाहेरून के-लाइनला बॅटरीकडे ओढून धरणारा रोध आणि एक-दोन संधारित्रे एवढेच लागते. तीही मिळाली नाही, तर ट्रान्झिस्टर आणि तुलनाकारक वापरून काम भागते. बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर आणि एलएम३९३ ही चिप लॅमिंग्टन रोडवर फिरलेल्या कोणाही विद्यार्थ्याच्या ओळखीची असते. ट्रान्झिस्टरचा संग्राहक के-लाइनला, उत्सर्जक जमिनीला आणि पाया ४.७ किलो-ओहमच्या रोधातून संगणकाच्या बोलत्या तारेला जोडायचा. ऐकण्यासाठी तुलनाकारकाच्या धन टोकाला के-लाइन द्यायची आणि ऋण टोकाला दोन समान रोधांनी केलेले बॅटरीचे निम्मे व्होल्टेज. निर्गत टोक रोधातून पाच व्होल्टकडे ओढून धरायचे, म्हणजे बारा व्होल्ट संगणकाच्या वाट्याला कधीच येत नाहीत.

या साध्या मंडलात एक फसगत हमखास होते. संगणकाची बोलती तार स्वस्थ असते तेव्हा वर असते. ती सरळ ट्रान्झिस्टरला दिली, तर तो सतत चालू राहून के-लाइन कायम खाली दाबून धरतो आणि काहीच चालत नाही. संकेत उलटा करायला आणखी एक ट्रान्झिस्टर लावावा, किंवा एफटी२३२आर चिप असेल तर 'एफटी प्रोग' या आज्ञावलीतून बोलता संकेत उलटा करून घ्यावा.

ओढणारा रोध ५१० ओहमचा घ्यावा. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या वर दाब असतो. के-लाइन खाली असताना या रोधात सुमारे ०.४ वॉट खर्च होतात. पाव वॉटचा रोध तापून जळका वास येऊ लागतो, म्हणून अर्ध्या वॉटचा हवा. ट्रकमधल्या चोवीस व्होल्टच्या व्यवस्थेला हा रोध दुप्पट, म्हणजे एक किलो-ओहमचा लागतो. बॅटरीकडून येणाऱ्या तारेत अर्ध्या अँपिअरचा फ्यूज आणि उलट जोडणीपासून बचावासाठी १एन४००७ डायोड घालण्याचा कंटाळा करू नये. लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवावा. घरच्या विजेला जोडलेला लॅपटॉप आणि गाडी यांना एकाच जमिनीवर आणण्यात निष्कारण धोका आहे.

गाडीला हात लावण्यापूर्वी तार टेबलावरच तपासता येते, आणि ही सोय एका तारेच्या पद्धतीनेच दिली आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकाच तारेवर असल्याने आपण जे पाठवू ते आपल्यालाच परत ऐकू येते. तारेला बारा व्होल्टचा पुरवठा द्यावा, संगणकावर कोणतीही अनुक्रमिक खिडकी उघडून काही अक्षरे पाठवावीत. तीच अक्षरे परत दिसली, तर तार निर्दोष. काही दिसले नाही किंवा भलतेच दिसले, तर दोष टेबलावरच आहे आणि हीटरला दोष देण्याचे कारण नाही. संवादाची आज्ञावली लिहिणाऱ्याने मात्र हा स्वतःचाच प्रतिध्वनी उत्तर म्हणून धरू नये.

वेबास्टोची भाषा 'डब्ल्यू-बस' या नावाने ओळखली जाते. वेग सेकंदाला २४०० बिट, आठ बिटांचा शब्द, सम समता आणि एक थांबा-बिट. समता सम ठेवायला विसरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. सुरुवातीला के-लाइन २५ मिलिसेकंद खाली आणि मग तितकाच वेळ वर ठेवून हीटरला जागे करावे लागते. प्रत्येक संदेशाच्या पहिल्या शब्दात बोलणारा आणि ऐकणारा यांचे क्रमांक, दुसऱ्यात लांबी, मग आज्ञा आणि शेवटी पडताळणीचा शब्द. निदान करणारा एफ, हीटर चार. म्हणून प्रश्न 'एफ४' ने सुरू होतो आणि उत्तर '४एफ' ने. हे सगळे हाताने करण्याची गरज नाही. वेबास्टोची 'थर्मो टेस्ट' ही आज्ञावली हे संभाषण सांभाळते आणि दोषांची यादी, पाण्याचे तापमान, बॅटरीचा दाब, ज्वालेची स्थिती पडद्यावर दाखवते. एबरस्पॅचर या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या हीटरांचे निदानही एका तारेवरच होते, पण त्यांची भाषा वेगळी. शिवाय मोटार कंपनीने स्वतः बसवून दिलेला हीटर कधी कधी त्या कंपनीच्याच भाषेत बोलतो. तार बरोबर असूनही उत्तर आले नाही, तर हा संशय आधी घ्यावा. के-लाइनवर गाडीतले इतर नियंत्रकही असतील, तर तपासणीपुरता हीटर त्यांच्यापासून सोडवून घेणे सोयीचे पडते.

आता दोष वाचून काय हाती लागते? पुष्कळदा अगदी क्षुल्लक गोष्ट. थंडीत दमलेल्या बॅटरीचा दाब ग्लो प्लग पेटताना साडेदहा व्होल्टच्या आसपास घसरतो आणि हीटर 'कमी दाब' अशी नोंद करून माघार घेतो. इथे हीटर बदलणे म्हणजे शुद्ध अपव्यय. 'ज्वाला पेटली नाही' ही नोंद इंधनाकडे बोट दाखवते : तुंबलेली नळी, अडकलेला पंप किंवा उन्हाळाभर न वापरल्याने आत साचलेली काजळी. पंपाचे मंडल तुटल्याची नोंद असेल, तर गाडीखालचा गंजलेला खटका आधी पाहावा. तिथे खारे पाणी आणि चिखल यांचा मारा सतत होत असतो.

आणि मग तो मोहाचा क्षण येतो. आज्ञावलीत दोष पुसण्याची आणि कुलूप काढण्याची सोय असते. एक कळ दाबली, की हीटर पुन्हा प्रयत्नाला तयार. इथे या लेखकाचे मत स्पष्ट आहे : कारण सापडण्यापूर्वी ती कळ दाबू नये. दोनदा न पेटलेल्या ज्वलनकक्षात न जळलेले डिझेल साचलेले असू शकते. कुलूप पुन्हा पुन्हा काढून प्रयत्न करत राहिले, तर एखाद्या वेळी ते सारे एकदम पेट घेते. अतितप्त झाल्यामुळे लागलेले कुलूप तर पाणी फिरत नसल्याची खूण असते. पंप बंद आहे किंवा पाइपात हवा आहे, हे न पाहता यंत्र पुन्हा पेटवणे म्हणजे बोनेटखाली आग लावण्याची तयारी. नियंत्रकाने लावलेले कुलूप हे बिघाड नव्हे, त्याच्या कामाचाच भाग आहे.

चाचणी नेहमी उघड्यावर घ्यावी. हीटरला स्वतःचे धुराडे असते, आणि इंजिन बंद असले तरी त्यातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. इंजिन बंद आहे म्हणून बंदिस्त गॅरेजमध्ये निर्धास्तपणे लॅपटॉप घेऊन बसणे प्राणघातक ठरू शकते. चाचणी संपल्यावर हीटर बंद करण्याची आज्ञा द्यावी आणि पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी. ज्वाला विझल्यावरही तो दोन-तीन मिनिटे फिरून आतली उष्णता बाहेर काढतो. घाईने फ्यूज काढला किंवा बॅटरी तोडली, तर ती उष्णता आतच कोंडते आणि ज्या संवेदकांचे निदान करायला आपण बसलो, तेच जळण्याची शक्यता असते. तार सोडवायची ती पंखा पूर्ण थांबल्यावर, आणि आधी के-लाइन, मग धन टोक, शेवटी जमीन या क्रमाने.