डेम्प्सी आणि विल्स : न झालेल्या लढतीचा इतिहास

आपल्याकडे कुस्तीच्या फडात 'बिनजोड' हा मोठा मानाचा शब्द आहे. ज्याच्या समोर उभा राहील असा मल्लच उरला नाही, तो बिनजोड. परंतु जोड मिळत नाही आणि जोड घेतली जात नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत. गामा पहिलवान 1910 साली लंडनला गेले, तेव्हा झिबिस्कोबरोबर त्यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि निकालाविना सुटली. पुन्हा ठरलेल्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. तो प्रश्न पुढे सतरा वर्षांहून अधिक काळ लोंबकळत राहिला आणि 1928 साली पतियाळ्यात गामांनी तो एका मिनिटाच्या आत सोडवला. असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेक वेळा राहून गेलेली लढत कायमची राहून जाते आणि मग तिचा निकाल पंचांऐवजी लेखणीवाले देतात.

अशा राहून गेलेल्या लढतींपैकी एक अमेरिकेतील जॅक डेम्प्सी आणि हॅरी विल्स यांची होय. डेम्प्सीचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. विल्सचे नाव मात्र मुष्टियुद्धाच्या शौकिनांनाही चटकन आठवत नाही. हा फरक कसा पडला, तेच या लेखात पाहावयाचे आहे.

थोडी मागची हकीकत सांगणे भाग आहे. 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनी येथे जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. गोऱ्या अमेरिकेला हे सहन झाले नाही. निवृत्त झालेल्या जेम्स जेफ्रीजला पुन्हा उभे करण्यात आले आणि 4 जुलै 1910 रोजी रेनो येथे जॉन्सनने त्यालाही लोळवले. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मेली. ती लढत भरवणारा आणि तिचा पंच टेक्स रिकार्ड हाच होता. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे डेम्प्सीच्या मोठ्या लढती भरवणारा हाच गृहस्थ. 1915 साली हवाना येथे जेस विलार्डने जॉन्सनला हरवले आणि त्यानंतर 22 वर्षे, म्हणजे 1937 साली जो लुईस जगज्जेता होईपर्यंत, एकाही कृष्णवर्णीयाला या किताबासाठी लढण्याची संधी मिळाली नाही. असा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. त्याला 'रंगाची रेषा' म्हणत आणि जो किताब धारण करी तो ती ओढी.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. स्वतः जॉन्सनने जगज्जेता असताना सॅम लँगफर्डसारख्या कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याला संधी दिली नाही. 1906 साली त्याने लँगफर्डला गुणांवर हरवले होते, पण किताब हाती आल्यावर पुन्हा त्याच्या वाटेला तो गेला नाही. त्याच्या कारकिर्दीत किताबासाठी त्याच्यापुढे उभा राहिलेला एकमेव कृष्णवर्णीय म्हणजे जिम जॉन्सन, तोही 1913 साली पॅरिसमध्ये, आणि ती लढत बरोबरीत सुटली. ज्याने स्वतः दार ठोठावले होते, त्यानेच आत गेल्यावर कडी घातली. त्यात पैशाचा हिशेब होताच, कारण दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला गल्ला जमत नसे.

परिणाम असा झाला की हे उत्तम योद्धे आपापसातच पुन्हा पुन्हा लढत राहिले. विल्स आणि लँगफर्ड पंधराहून अधिक वेळा एकमेकांसमोर आले. सुरुवातीला लँगफर्डने विल्सला 1914 मध्ये आणि 1916 मध्ये चक्क बाद केले. पुढे वय उलटले आणि बाजू पालटली. न्यू ऑर्लीन्सचा, 1889 साली जन्मलेला हा उंचापुरा विल्स 1919 च्या सुमारास तिशीचा, ऐन भरातला होता.

त्याच वर्षी 4 जुलैला टोलेडो येथे चोवीस वर्षांच्या डेम्प्सीने आपल्याहून कितीतरी थोराड अशा विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा जमिनीवर पाडले. तीन फेऱ्यांनंतर विलार्ड उठलाच नाही. डेम्प्सीचे सामर्थ्य वादातीत होते, याविषयी आपण शंका बाळगू नये. परंतु किताब मिळताच त्याने जाहीर केले की, आपण कृष्णवर्णीय आव्हानवीरांची दखल घेणार नाही. विशेष म्हणजे उमेदवारीच्या काळात तो कृष्णवर्णीयांशी लढला होता. 1916 साली न्यूयॉर्कमध्ये जॉन लेस्टर जॉन्सनने त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. सरावासाठी बिल टेट हा कृष्णवर्णीय साथीदार तो पदरी बाळगून होता. सरावात चालत होता तो रंग किताबाच्या रिंगणात चालेना.

1922 च्या उन्हाळ्यात डेम्प्सी आणि विल्स यांच्या करारावर सह्या झाल्या. तारीख आणि स्थळ काही ठरले नाही. न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष विल्यम मल्डून या लढतीच्या विरोधात होते आणि रिकार्डच्या मनातून रेनोनंतरच्या दंगली गेल्या नव्हत्या. 1925 साली फ्लॉईड फिट्झसिमन्स नावाच्या दुसऱ्या एका आयोजकाने पुन्हा करार घडवून आणला. विल्सला विसार म्हणून 50 हजार डॉलर मिळाले. डेम्प्सीच्या वाट्याची रक्कम मात्र उभी राहिली नाही. आपल्याला दिलेला चेक वटला नाही, असे डेम्प्सीने सांगितले. लढत पुन्हा बारगळली. पुढे त्याच न्यूयॉर्क आयोगावर जेम्स फार्ली आले आणि त्यांनी विल्सशी लढल्यावाचून दुसरी लढत नाही असा आग्रह धरला. (हेच फार्ली पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे पोस्टमास्टर जनरल झाले. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय मतदारांची आठवण त्यांना मुळीच नसेल, असे मानायला आम्ही तयार नाही.) तेव्हा रिकार्डने डेम्प्सीची लढत न्यूयॉर्कबाहेर, फिलाडेल्फियाला नेली आणि समोर उभा केला तो विल्स नव्हे, तर जीन टनी.

आता वाचकांनी पुढील दोन तारखांकडे बारकाईने पाहावे. 23 सप्टेंबर 1926 रोजी फिलाडेल्फियात 1 लाख 20 हजारांवर प्रेक्षकांसमोर टनीने डेम्प्सीला गुणांवर हरवून किताब घेतला. 12 ऑक्टोबर 1926 रोजी ब्रुकलिनमध्ये जॅक शार्कीविरुद्ध विल्स मागे पडत गेला आणि तेराव्या फेरीत नियमबाह्य ठोशाबद्दल बाद ठरला. दोन पराभवांत 19 दिवसांचे अंतर. डेम्प्सीविषयी लोक म्हणाले, तीन वर्षे त्याने किताबाची लढत दिली नव्हती, अंग जड झाले होते, हा खरा डेम्प्सी नव्हे. आणि हे बरोबरही होते, 1923 च्या सप्टेंबरात फिर्पोला हरवल्यापासून तो किताबासाठी लढलाच नव्हता. विल्सविषयी मात्र तेच लोक म्हणाले, पाहा, शार्कीपुढे ज्याची ही गत, तो डेम्प्सीपुढे काय टिकला असता? विल्सचे वय तेव्हा 37 होते. डेम्प्सीची ती तीन रिकामी वर्षे त्याच्या पराभवाची सबब ठरली. त्याच तीन वर्षांत विल्स दाराशी उभा राहून म्हातारा होत होता, ही गोष्ट हिशेबात कुणी धरली नाही.

दुसरा पुरावा फिर्पोचा देतात. डेम्प्सीने त्याला दुसऱ्या फेरीत संपवले, तर वर्षभरानंतर, सप्टेंबर 1924 मध्ये, विल्सला बारा फेऱ्यांतही त्याला बाद करता आले नाही, वरचढ ठरूनही. यात तथ्य आहे, नाही असे नाही. पण याच पहिल्या लढतीत फिर्पोने डेम्प्सीला दोरांबाहेर फेकले होते. विल्सविरुद्ध त्याला असे काही साधले नाही. एकाच माणसाशी झालेल्या दोन लढतींतून तिसऱ्या लढतीचा निकाल काढणे म्हणजे दोन गावांच्या पावसावरून तिसऱ्या गावच्या पिकाची आणेवारी लावण्यासारखे आहे.

तेव्हा कोण जिंकले असते हा प्रश्न आम्ही सोडून देतो. आमचा स्वतःचा कल विचाराल तर 1923 च्या डेम्प्सीकडे झुकतो, पण त्याला पुराव्याचे मोल नाही. ज्याला पुरावा आहे ते इतकेच, की विल्स वर्षानुवर्षे मागत राहिला, करारावर सही करायला प्रत्येक वेळी हजर झाला आणि लढत मोडण्याचे अधिकार ज्यांच्या हाती होते त्यांपैकी एकही त्याच्या बाजूचा नव्हता. आपण तयार होतो, रिकार्ड आणि राजकारण आड आले, असे डेम्प्सी पुढे म्हणत असे. ते निव्वळ खोटे असेल असे नाही. पण 1919 मधली ती घोषणा त्याच्याच तोंडची होती आणि ती रिकार्डच्या खाती घालता येत नाही.

निवाडा देणाऱ्यांनी मात्र फारसा विचार केला नाही. 1950 साली अमेरिकेतील क्रीडा पत्रकारांनी अर्ध्या शतकातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा म्हणून डेम्प्सीची निवड केली, जो लुईसच्याही वर. 'द रिंग' मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर यांनी हेवीवेटमधील दहा श्रेष्ठांची यादी केली, तिच्यात जॉन्सन पहिला, डेम्प्सी चौथा, लँगफर्ड सातवा. किताबाची संधी न मिळालेल्या लँगफर्डला त्यांनी जागा दिली, हे त्यांच्या न्यायबुद्धीचे लक्षण. विल्सला जागा नाही.

लँगफर्डची अखेर दैन्यात झाली. दृष्टी गेलेला तो 1944 साली हार्लेममधील एका खोलीत एका पत्रकाराला सापडला आणि मग वर्गणी जमली. विल्सचे तसे झाले नाही. त्याने मिळवलेला पैसा हार्लेममधल्या इमारतींत घातला आणि घरभाड्यावर सुखाने राहिला. दरवर्षी वसंतात महिनाभर केवळ पाण्यावर उपास करण्याचा त्याचा नेम होता आणि त्याचीच बातमी वृत्तपत्रे अधूनमधून छापत. 1925 च्या कराराचे ते 50 हजार डॉलर त्याने परत केले नाहीत. 21 डिसेंबर 1958 रोजी तो न्यूयॉर्कमध्ये वारला. डेम्प्सी 1983 पर्यंत जगला. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध सन्मान-दालनात डेम्प्सी आणि लँगफर्ड यांची नावे 1990 साली लागली, विल्सचे 1992 साली.