फेब्रुवारीच्या पगाराची कुळकथा

जानेवारी उजाडला की जळगाव-धुळ्याच्या नोकरदार घरांत कपाटावरची फाइल खाली यायची. एलआयसीच्या पावत्या, पीपीएफच्या पासबुकाची झेरॉक्स, दोन मुलांच्या फीच्या पावत्या, गृहकर्जाचा बँकेचा दाखला, भाड्याचं घर असेल तर घरमालकाची सही. हे सगळं फॉर्म 12 बीबीला जोडून मुख्याध्यापकांकडे नाहीतर लेखा शाखेत द्यायचं. सरकारी नोकरीत मार्चचा पगार एप्रिलमध्ये हातात पडतो, म्हणून कराचं वर्ष मार्चच्या पगारापासून फेब्रुवारीच्या पगारापर्यंत धरतात. वर्षभराच्या कराचा राहिलेला हिशेब मग फेब्रुवारीच्या बिलातच मिटतो. कागद वेळेत गेले नाहीत, तर 'फेब्रुवारीचा पगार टॅक्समध्ये गेला' हे वाक्य त्या घरात उन्हाळाभर ऐकू यायचं.

कर लागण्याआधीच पगारातला काही भाग बाजूला काढू देण्याची ही सोय 1886 पर्यंत मागे जाते. 1857 च्या उठावाचा खर्च भरून काढायला ब्रिटिश सरकारचे अर्थसदस्य जेम्स विल्सन यांनी 1860 मध्ये आयकर आणला होता. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला होतं. हा पहिला कर शेतीच्या उत्पन्नावरही होता. 1886 च्या कायद्याने शेतीचं उत्पन्न करातून वगळलं आणि त्याच कायद्याने आयुर्विम्याच्या हप्त्याला मर्यादेपर्यंत सूट दिली. रावेर-यावल पट्ट्यातल्या कितीतरी घरांत या दोन्ही सवलती एकाच छपराखाली नांदतात. एक भाऊ केळी पिकवतो, दुसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. केळीच्या घडावर आयकर नाही, त्यामुळे पहिल्याला फाइल ठाऊक नाही. दुसऱ्याच्या वाट्याला विम्याची पावती आली. मास्तर भावाला यात अन्याय वाटतो, केळीवाल्याला करपा, वादळ आणि पडलेले भाव दिसतात. मला दोघांचंही पटतं.

दुसरा धागा गिरण्यांतून येतो. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल. 15 नोव्हेंबर 1951 रोजी भविष्य निर्वाह निधीचा वटहुकूम निघाला, 1952 मध्ये त्याचा कायदा झाला आणि ज्या सहा उद्योगांना तो सर्वप्रथम लागू झाला त्यांत कापडधंदा होता. सुरुवातीला कपात होती सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयाला एक आणा. तेवढाच आणा मालकाने घालायचा. साच्यावरच्या कामगाराचा पगार आयकराच्या आसपासही नव्हता, त्यामुळे करसवलत त्याच्या कामाची नव्हती. पण पैसा हातात येण्याआधीच कापला जातो आणि म्हातारपणी मिळतो, ही गोष्ट खान्देशातल्या कष्टकरी घरांनी पहिल्यांदा अनुभवली ती या 'फंडा'तून. गिरण्या बंद पडल्या, 'फंड' हा शब्द घराघरांत राहिला.

विमा आणि फंड यांची सवलत आयकर कायद्याच्या कलम 80 सी मध्ये आली ती साठच्या दशकाच्या शेवटी. पीपीएफही त्याच सुमाराचा, 1968 चा. 1990 च्या अर्थसंकल्पाने 80 सी ची जागा कलम 88 ला दिली. आता उत्पन्नातून वजावट नव्हती, थेट करात सूट होती. 2005 च्या अर्थसंकल्पाने 80 सी परत आणलं, एक लाखाच्या मर्यादेसह, आणि 2014 मध्ये ती दीड लाख झाली. या दीड लाखासाठी मार्च एंडिंगला पोस्टात एनएससीच्या रांगा लागायच्या आणि विमा एजंट थेट शाळेच्या स्टाफरूममध्ये येऊन बसायचे. घाईत घेतलेल्या कितीतरी पॉलिसी मालकाच्या फायद्याच्या नव्हत्या. तरी मी या कलमाच्या बाजूने बोलेन. पहिल्या पिढीचा नोकरदार, गावाकडून रोज पैशाची मागणी, लग्नं, आजारपणं. अशा माणसाला 'यंदा एवढे कापलेच गेले' असं सांगायला सबब लागते. ती सबब सरकारने छापील फॉर्मवर दिली होती.

खासगी कंपन्यांत याच्या जोडीला भत्ते होते. औषधांची बिलं दाखवून वर्षाला 15,000 रुपयांपर्यंतची भरपाई करमुक्त मिळायची. ती आणि प्रवासभत्त्याची सवलत 2018 मध्ये गेली, बदल्यात 40,000 ची प्रमाणित वजावट आली. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना याचंच मोठं भावंड भेटतं. तिथल्या 1978 च्या कायद्याने करसंहितेत कलम 125 घातलं. शरद ऋतूत कर्मचाऱ्याने पुढच्या वर्षीचा औषधपाण्याचा अंदाज सांगायचा, तेवढी रक्कम कर लागण्याआधी पगारातून वळती होते. 2025 साठी कमाल मर्यादा 3,300 डॉलर होती. अंदाज चुकला आणि पैसे उरले, तर थोडी रक्कम पुढे नेता येते किंवा थोडी मुदत मिळते, तीही कंपनीने सोय ठेवली असेल तरच, बाकीची बुडते. म्हणून डिसेंबरात तिथे चष्मे आणि दातांची कामं निघतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये नुसता इरादा सांगायचा आणि जानेवारीत पुरावा द्यायचा. चुकलं तर कर भरावा लागतो, पैसा आपलाच राहतो. आपली पद्धत मला जास्त माणुसकीची वाटते.

पगारपत्रकावरची एक कपात मात्र या सगळ्यांहून वेगळी आहे. व्यवसाय कर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. राज्यघटनेने घातलेली कमाल मर्यादा तेवढीच. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला महाराष्ट्राने 1975 मध्ये हा कर लावला. साक्री-शिंदखेड्याच्या कोरडवाहू पट्ट्यात हमीच्या कामावर गेलेल्या बाईच्या मजुरीत धुळ्याच्या कारकुनाचा वाटा असा पोहोचला. हा कर आयकराआधी उत्पन्नातून वजा होतो, आणि ते योग्यच आहे.

निदान जुन्या पद्धतीत तरी होतो. 2020 मध्ये सवलतींविना कमी दराची नवी करपद्धत आली, 2023 पासून काही न सांगितल्यास तीच लागू होते आणि 2025 च्या अर्थसंकल्पानंतर नोकरदाराचं पावणेतेरा लाखांपर्यंतचं पगारी उत्पन्न तीत करमुक्त ठरतं. तीत 75,000 ची प्रमाणित वजावट आहे; पण 80 सी नाही, व्यवसाय कराची वजावटही नाही. बहुतेक शिक्षकांना आता फाइल काढायची गरजच पडत नाही. हिशेबाने हे त्यांच्या फायद्याचं आहे. माझी काळजी वेगळी आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून सरकारी नोकरीला लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही, आणि त्यासाठीच मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले होते. ज्या पिढीला म्हातारपणासाठी स्वतः साठवणं सगळ्यात जास्त भाग आहे, तिच्याच हातून साठवायला लावणारा कागद काढून घेतला गेला. नव्या आयकर कायद्यात 80 सी ची तरतूद कलम 123 मध्ये गेली आहे. पण ती जुनी पद्धत निवडणाऱ्यांपुरतीच उरली आहे, आणि ती निवड नोकरदाराला आता आपण होऊन सांगावी लागते.