ठिणगी, इंधन, दाब, पाणी: जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटारीचा इतिहास

होडीच्या मागच्या आडव्या फळीला बाहेरून अडकवायच्या, दोरीच्या झटक्याने सुरू करायच्या आणि काम संपले की काढून खांद्यावरून घरी न्यायच्या इंजिनाला आउटबोर्ड मोटर म्हणतात, आणि विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात ही मोटर टू-स्ट्रोक जातीची होती. अशी जुनी मोटर सुरू होईनाशी झाली की जाणता मेकॅनिक आधी ठिणगी, मग इंधन, मग सिलिंडरमधला दाब आणि मोटर सुरू झाल्यावर थंड करणारे पाणी, अशा क्रमाने तपास करतो. या तपासात जे दोष सापडतात ते बहुधा ठरलेल्या जागीच सापडतात, कारण त्या प्रत्येक जागी कोणत्या ना कोणत्या काळात रचनाकाराने वजन, किंमत आणि सोय यांची सांगड घालण्यासाठी केलेली एक तडजोड दडलेली असते.

सर्वांत जुनी तडजोड इंग्लंडमधील बाथ या गावच्या जोसेफ डे याने 1891 च्या सुमारास केली. फोर-स्ट्रोक इंजिनात इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे यांसाठी पिस्टनला दोनदा खाली आणि दोनदा वर जावे लागते. डे याने मात्र पिस्टनखालच्या बंद पेटीचा, म्हणजे क्रँककेसचा, पंपासारखा उपयोग करून इंधन आणि हवेचे मिश्रण आधी तिथे ओढले आणि मग पिस्टन खाली येताच ते सिलिंडरमध्ये ढकलले, त्यामुळे झडपांचा पसारा गेला आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट मिळू लागला. हलक्या मोटारीला यासारखे दुसरे वरदान नव्हते. पण ज्या पेटीला पंपाचे काम दिले ती गळून चालत नाही, आणि म्हणूनच जुन्या मोटारीतील क्रँकशाफ्टचे सील झिजले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर कितीही जुळवला तरी मोटर मंद वेगात स्थिर राहत नाही.

होडीला टांगता येणारी मोटर बाजारात विकली जाईल हे अमेरिकेत प्रथम कॅमरॉन वॉटरमन याने दाखवून दिले. त्याने 1905 मध्ये डेट्रॉइट नदीवर आपली मोटर चालवून पाहिली आणि 1907 मध्ये पेटंट घेतले. तिला घरोघरी नेण्याचे श्रेय मात्र ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या आणि विस्कॉन्सिन राज्यात वाढलेल्या कारागिराकडे जाते, ज्याची 1909 मधील दीड अश्वशक्तीची मोटर 62 पौंडांची, म्हणजे सुमारे 28 किलोंची होती. या यशातला निम्मा वाटा त्याची पत्नी बेस हिचा मानला पाहिजे, कारण हिशेब, पत्रव्यवहार आणि वल्ही टाकून द्या असे सांगणाऱ्या जाहिराती यांचा भार तिने उचलला, आणि तिच्या आजारपणामुळेच ओले याने 1914 मध्ये पहिल्या कंपनीतील आपला हिस्सा विकला. 1920 मध्ये दोघांनी एल्टो ही नवी कंपनी काढून ॲल्युमिनियमच्या भागांची हलकी दोन सिलिंडरी मोटर आणली. तिथून पुढे आउटबोर्ड मोटर हौशी माणसाच्या आवाक्यात आली आणि तिची दुरुस्तीही त्याच्याच हाती आली.

ठिणगीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. आरंभीच्या मोटारींसोबत सुक्या बॅटऱ्यांची पेटी न्यावी लागे, आणि पाण्यावर ओली झालेली पेटी हे मोटर बंद पडण्याचे हमखास कारण असे. तिच्या जागी फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसवून फिरण्यातूनच वीज निर्माण करणारा मॅग्नेटो आला तेव्हा बॅटरीचे ओझे गेले, पण ठिणगीची सगळी यंत्रणा फ्लायव्हीलच्या जड चकतीखाली झाकली गेली. म्हणूनच आजही या मोटारीचे निदान करणाऱ्याला वरचा नट सोडवून, पुलर लावून चकती उचलावी लागते. चकती निघाली की खाली दोन तांब्याच्या कॉइल, दोन कंडेन्सर आणि दोन पॉइंट समोरासमोर मांडलेले दिसतात. पॉइंट म्हणजे उघडझाप करणारे दोन लहान धातूचे तुकडे. ते ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज उसळते आणि प्लगवर ठिणगी पडते. अमेरिकेतील विसाव्या शतकाच्या मध्यातील मोटारींच्या एका मोठ्या गटात ते पुरते उघडल्यावर त्यांच्यातले अंतर 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवायचे असते. हंगामभर कोपऱ्यात पडून राहिलेल्या मोटारीच्या पॉइंटवर डोळ्यांना जेमतेम दिसणारा काळसर थर चढतो आणि तेवढ्यानेच ठिणगी नाहीशी होते. स्वच्छ जाड कागदाची पट्टी त्यांच्यामधून दोनचार वेळा ओढली की पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते. कॉइलचे दुखणे मात्र असे पुसून जात नाही. 1950 च्या दशकातील असंख्य मोटारींच्या कॉइलवरचे आवरण काळाच्या ओघात वाळून त्याला आडव्या भेगा पडतात, आणि भेगांतून दमट हवा शिरली की वीज प्लगकडे जाण्याऐवजी जवळच्या लोखंडात उतरते. चांगल्या कॉइलची ठिणगी पाव इंचाची फट ओलांडते आणि निळसर दिसते, तर भेगाळलेल्या कॉइलची पिवळट, अशक्त ठिणगी गार मोटारीत कशीबशी पडते आणि मोटर तापताच नाहीशी होते.

इंधनाच्या बाबतीत 1949 हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी जॉन्सन कंपनीच्या 10 अश्वशक्तीच्या मोटारीत पुढे, न्यूट्रल आणि मागे असे गिअर आले आणि इंधनाची टाकी मोटारीवरून उतरून होडीत स्वतंत्र ठेवली गेली. त्या टाकीतून पेट्रोल वर चढवण्यासाठी वेगळा पंप न बसवता क्रँककेसमधलाच दाब एका नळीने टाकीत सोडला आणि दुसऱ्या नळीने पेट्रोल मोटारीकडे आणले. युक्ती चतुर होती, पण टाकीच्या झाकणाचा गॅस्केट किंचित जरी सुटला तरी दाब टिकत नसे, म्हणून ‘चालू होते आणि पाच मिनिटांत बंद पडते’ ही तक्रार या काळातील मोटारींची ओळखच होऊन बसली. 1960 च्या सुमारास लवचीक पडद्याचा पंप मोटारीवरच बसवण्यात आला तेव्हा एकच नळी पुरू लागली आणि तो दोष मिटला.

टू-स्ट्रोकमध्ये तेलाची वेगळी पेटी नसल्याने बेअरिंगना लागणारे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. आरंभी दर गॅलन पेट्रोलला अर्धा पाइंट, म्हणजे 16 ला 1 असे प्रमाण होते. 1950 च्या दशकात ते 24 ला 1 झाले आणि 1964 पासून अनेक नव्या मोटारींत 50 ला 1 वर आले. हा बदल रोलर बेअरिंगमुळे आणि खास आउटबोर्डसाठी बनवलेल्या, राख न ठेवणाऱ्या तेलामुळे शक्य झाला, त्यामुळे पितळी बुशवर फिरणाऱ्या जुन्या मोटारीला नवे प्रमाण लावणे म्हणजे तिचा जीव घेणे होय.

सगळे भाग चांगले असूनही मोटर ओढत नसेल, तर दोष जुळणीत असतो. वेग वाढवण्यासाठी हातातली कांडी फिरवली की मॅग्नेटोची तबकडी फिरून ठिणगी लवकर पडू लागते, आणि त्याच तबकडीखालचा कॅम कार्ब्युरेटरच्या लहान रोलरला टेकून हवेची झडप उघडतो. कॅमवरची बारीक रेघ रोलरच्या मध्यावर आली त्याच क्षणी झडप हलू लागली पाहिजे, असा कारखान्याचा नियम होता. झडप ठिणगीच्या आधी उघडली की मोटर वेग घेताना घुटमळते आणि थुंकते, आणि उशिरा उघडली की जोर येत नाही. अशा दुरुस्तीचे मोल कार्ल कीकहेफर याच्या कथेतून कळते. 1939 मध्ये विस्कॉन्सिनच्या सीडरबर्ग गावी त्याने एक बुडीत कारखाना घेतला तेव्हा तिथे टपालाने माल विकणाऱ्या एका मोठ्या पेढीने सदोष म्हणून परत पाठवलेल्या सुमारे 300 मोटारी पडून होत्या. त्याने त्या उघडल्या, सुधारल्या, पुन्हा विकल्या, आणि त्या दुरुस्तीतूनच पुढे मर्क्युरी हा जगप्रसिद्ध शिक्का उभा राहिला.

पाणी खेचणारा रबरी इंपेलर मात्र साध्या म्हातारपणाला बळी पडतो. वर्षानुवर्षे वाकून बसलेल्या त्याच्या पात्या पुन्हा सरळ होत नाहीत, आणि पाणी न चढल्याने तापलेली मोटर पिस्टन खरवडून थांबते.

भारतात या मोटारींचा मोठा प्रसार 1980 नंतर केरळच्या किनाऱ्यावर झाला, जिथे जपानी बनावटीच्या मोटारी पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर नेण्याची पद्धत रूढ झाली. कोकण आणि गोव्याच्या लहान होड्यांवरही अशी मोटर आली आणि होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या बोलण्यात ती नुसती ‘मशीन’ झाली. रॉकेलची पेट्रोलइतकी सहज वाफ होत नसल्याने प्लगवर कोळसा लवकर साचतो, म्हणून वल्ह्यासोबत प्लगपाना आणि एखादा जादा प्लग होडीत राहू लागला.

अमेरिकेत 1996 च्या पर्यावरणीय नियमांनी नव्या आउटबोर्ड मोटारींचा धूर 2006 पर्यंत सुमारे 75 टक्के घटवण्याचे बंधन घातले, कारण जुन्या टू-स्ट्रोकमध्ये सुमारे पाव हिस्सा इंधन न जळताच पाण्यात जात होते. हा आक्षेप न्याय्य होता आणि जुन्या मोटारींकडे त्याला उत्तर नव्हते. 1999 मध्ये टाहो सरोवरावर कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटारींना बंदी झाली आणि 2020 मध्ये एव्हिनरूड हे नाव उत्पादनातून गेले. तरीही 1950 च्या दशकातील मोटारींसाठी इंपेलर, पॉइंट, कंडेन्सर आणि भेगा न पडणाऱ्या कॉइल आजही नव्याने बनतात. कार्ब्युरेटरमधला बुचाचा तरंगता तुकडा ही एक वेगळीच अडचण आहे, कारण त्यावरचा लाखेचा लेप आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये विरघळतो. असे बूच सुटे काढून वाळवून, इथेनॉलला दाद न देणाऱ्या नव्या लेपाने पुन्हा माखले जाते आणि मग ते पहिल्यासारखे तरंगते.